गुंडी वाढली नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी मोजकाठी आहे आणि मी रागावले आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण काठीलाही राग येतो हे तुम्हाला कुणी शिकवले नसेल. काठी मारायला उगारतात, म्हाताऱ्यांच्या हातात देतात, कोपऱ्यात उभी करून विसरतात. तिला काय वाटते, हे विचारायची पद्धत नाही. पण माझ्याकडून खोटे बोलवून घेतले गेले आणि वर खापरही माझ्याच डोक्यावर फोडले गेले. त्यामुळे आज मी बोलणार आहे.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. नगरपालिकेने प्राणी पाळण्याचे नियम केले, तेव्हा जनावरांची उंची मोजायला एक साधन हवे होते. सुताराने कठीण, पिवळसर लाकूड निवडले, ते महिनाभर सावलीत सुकवले आणि तासून मला बरोबर एक मीटरची केली. माझ्या अंगावर वरखाली सरकणारी एक आडवी पट्टी बसवली. ही पट्टी जनावराच्या खांद्यावर अलगद टेकवायची आणि शेजारचा आकडा वाचायचा, एवढेच माझे काम. जमिनीवर टेकून टेकून लाकूड झिजू नये म्हणून त्याने माझ्या पायात पितळेची शेंबी घातली. शेंबी म्हणजे काठीच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी. माझ्या शेंबीचा तळ भरीव होता, चांगला दोन सेंटीमीटर जाड. लक्षात ठेवा, माझी उंची त्या तळापासून धरली होती.

पहिली खूण कोरण्याआधी सुताराने हात जोडले, डोळे मिटले आणि मला म्हणाला, "बाई गं, तुझ्यावर लोक विश्वास ठेवणार. खोटं बोलू नकोस." ते मी व्रतासारखे धरले. व्रत म्हणजे काय, तर रोज तेच, तसेच, कुणी बघत असो वा नसो.

माझे पहिले निरीक्षक वयाने मोठे होते. सगळे त्यांना काका म्हणत. काका मला खांद्याला लावून घरोघर फिरत. कुणाकडे कोंबड्या चारच आहेत ना, कोंबडा तर नाही ना, सशांचा पिंजरा पुरेसा रुंद आहे का, मधमाश्यांची पेटी शेजाऱ्याच्या कुंपणापासून लांब आहे का, हे सगळे ते बघत. नियम कडक होते, पण काकांचा आवाज कधी चढला नाही. एकदा एका बाईने कोंबडा कपाटात लपवला होता. काका दारात उभे असतानाच तो आतून आरवला.

"रेडिओ आहे," बाई म्हणाली.

"असू दे की," काका म्हणाले. "फक्त रविवारपर्यंत तो तुमच्या गावाकडच्या भावाला ऐकायला द्या. आणि तोवर कपाटाचं दार जरा उघडं ठेवा, रेडिओचा जीव गुदमरेल."

कुत्र्यांचा नियम मात्र आकड्यावर होता. ज्या घराला अंगण नाही, तिथे खांद्यापाशी चाळीस सेंटीमीटरपेक्षा उंच कुत्रे ठेवायचे नाही. नियमामागचा हेतू वाईट नव्हता. मोठ्या जनावराला दोन खोल्यांत कोंडू नये, एवढाच तो होता. काका कुत्र्यासमोर उकिडवे बसत, त्याला आधी हात हुंगू देत आणि ते चारही पायांवर शांत उभे राहीपर्यंत थांबत. मोजण्यापूर्वी माझी शेंबी खिशातल्या फडक्याने पुसत. ते म्हणत, "जनावराला नियम वाचता येत नाही. तेव्हा निदान आपण तरी तो नीट वाचावा."

काका निवृत्त झाले. नवे साहेब आले. ते वाईट होते असे मी म्हणणार नाही, खोटे बोलायचे नाही असे ठरले आहे माझे. पण त्यांना घाई फार. दिवसाला वीस घरे करायची म्हणजे करायचीच. कुत्रे बसलेले असेल तर त्याला उठवून, ते हलत असतानाच आकडा वाचून मोकळे. पहिले वर्ष असेच गेले. मी होते तशी धड होते, त्यामुळे निभावले.

मग एका पावसाळी दिवशी कार्यालयाच्या आवारातले गटार तुंबले. पाणी पायरीला लागले. शिपाईमामांना हाताशी काही सापडेना, म्हणून त्यांनी मलाच उचलले आणि जाळीत खुपसले. मी! जिच्या पायाला धूळ लागली तर काका फडके काढत, ती मी गटारात पाला ढवळत होते. जाळीत शेंबी अडकली, मामांनी हिसका दिला आणि मी वर आले ती अनवाणी.

मामांनी शेंबी शोधून काढली, धुतली आणि नोंदणीच्या बाईंसमोर ठेवली. "बाई, एवढी बसवून घ्यायला सांगा सुताराला."

"ठेवा तिथे. बघू," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, 'बघू' हा शब्द मला त्या दिवशी कळला. हा 'बघू' दहा महिने चालला. शेंबी टेबलावरच होती. चार दिवसांनी बाईंच्या टाचण्या सांडल्या, तेव्हा त्यांनी त्या गोळा करून तिच्यात ठेवल्या. छान मावल्या. तेव्हापासून माझा पाय हा टाचण्यांची वाटी झाला. कोपऱ्यातून मला तो रोज दिसायचा, पाच पावलांवर.

आता हिशेब साधा आहे. माझ्या पायातले दोन सेंटीमीटर गेले. म्हणजे जिथे मी चाळीस म्हणत होते, तिथे जमिनीपासून खरे अडतीसच होते. प्रत्येक कुत्रे मी दोन सेंटीमीटर उंच सांगू लागले. कुणाच्या लक्षात आले नाही. खुणा तर जागच्या जागी होत्या! वरून बघणाऱ्याला मी पूर्वीसारखीच दिसत होते.

पुढच्या वार्षिक मोजणीत आम्ही शिवणमावशींच्या घरी गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिवणाचे यंत्र, दोरीवर टाचलेले अर्धवट झगे. मावशी सकाळी कपडे बेततात आणि दुपारी तयार कपडे घेऊन घरोघर जातात. त्यांच्यासोबत त्यांची मोठी बहीण राहते, अक्का. अक्कांची आठवण अलीकडे विरत चालली आहे. दार उघडे दिसले की त्या जिना उतरतात आणि कुठे निघालो तेच विसरतात. आणि तिसरी त्या घरात राहते ती गुंडी. तपकिरी रंगाची, एक कान मुडपलेली कुत्री. पिल्लू असताना ती गुंड्यांच्या डब्यात झोपायची, म्हणून हे नाव.

गुंडीचे काम काय, ते ऐका. मावशी बाहेर असताना अक्का दाराकडे निघाल्या की गुंडी उंबऱ्यावर आडवी होते. अक्का म्हणतात, "हो बाजूला," आणि ती होत नाही. तरीही अक्का ओलांडून गेल्याच, तर गुंडी एका वेगळ्याच सुरात भुंकते. त्या सुराला खालचा न्हावी दुकान सोडून जिन्यात येतो. गेली चार वर्षे असेच चालले आहे. मावशींचे दुपारचे काम त्या कुत्रीच्या जिवावर उभे आहे.

साहेबांनी मला टेकवले. पट्टी गुंडीच्या खांद्यावर आली.

"एक्केचाळीस," साहेब म्हणाले.

मी आतून ओरडत होते. एकोणचाळीस! एकोणचाळीस आहे ती! पण लाकडाचा आवाज कुणाला ऐकू जातो?

मावशी हसल्या. त्यांना थट्टा वाटली. "अहो साहेब, नीट बघा. एकोणचाळीस आहे ती. मागच्या वर्षी तुम्हीच लिहिलंय, तुमचीच सही आहे."

"मागच्या वर्षी नीट उभी नसेल राहिली."

"आणि त्याआधी सात वर्षं?"

"वाढली असेल मग."

"नऊ वर्षांची म्हातारी कुत्री? तुम्ही वाढलात का मागच्या वर्षात दोन सेंटीमीटर?"

तेवढ्यात अक्का आतून आल्या. हातात काठी घेतलेला, वाकलेला माणूस बघून त्यांना जुने दिवस आठवले असावेत, कारण एके काळी त्याही शिवायच्या. त्यांनी साहेबांच्या पाठीवर हात ठेवला आणि मायेने म्हणाल्या, "इतकं वाकू नका हो. मागची शिवण उसवेल."

साहेब ताडकन सरळ झाले. कान लाल. मग त्यांनी ते वाक्य उच्चारले, ज्याने माझ्या जिवाची आग झाली. "हे बघा मावशी, मी काही म्हणत नाही. काठी सांगते."

काठी सांगते! ऐकलेत ना? बघायचे त्यांनी नाही, विचार करायचा त्यांनी नाही आणि नाव माझे.

मावशींना कागद मिळाला. पंधरा दिवसांत गुंडीला शहराबाहेरच्या निवाऱ्यात पोहोचवावे. मावशी दुसऱ्याच दिवशी कार्यालयात आल्या. आपल्या शिवणाच्या फितीने त्यांनी गुंडीला घरी तीनदा मोजले होते. तिन्ही वेळा एकोणचाळीस. नोंदणीच्या बाई म्हणाल्या, "फितीचं माप चालत नाही हो. नियमात फक्त अधिकृत मोजकाठीच आहे. हवं तर पुनर्मोजणीचा अर्ज करा." अर्ज केला. तारीख मिळाली चौदाव्या दिवसाची. तोवर मावशींचा जीव टांगणीला. गुंडी गेलीच तर काय, म्हणून मधल्या दिवसांत शेजारणीला बसवून बघितले, पण तिला अक्का ओळखीनात. घरात चोर शिरला म्हणून त्यांनी तिला झाडूने पिटाळले.

चौदाव्या दिवशी त्या तिघीही आल्या. अक्कांना घरी ठेवणार कुणाकडे? मावशी बाकावर बसल्या, डोळे मिटले. ओठ तेवढे हलत होते. मग उठल्या.

साहेबांनी मला टेकवले. "एक्केचाळीस. बघा तुम्हीच. आता तरी पटलं?"

मावशींनी बघितले. पण वर नाही, पट्टीपाशी नाही. त्या खाली बघत होत्या, माझ्या पायाशी.

"साहेब, रागावू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्या धंद्यात एक खोड असते. फीत जुनी झाली की तिचं टोक झिजतं. म्हणून कुणी नवी मुलगी कामाला आली की आधी शिकवतो, की बाई, टोकावर भरवसा ठेवू नकोस, फीत आधी दुसऱ्या फितीला लावून बघ. ही काठी तुम्ही कशाला लावून बघता?"

"अहो, काठीला काय लावून बघायचं? काठीच तर सगळ्यांना लावतो आपण."

मावशींनी गळ्यातली फीत काढली आणि खाली बसून माझ्या अंगाला लावली. सुईवर वर्षे घालवलेली बोटे ती. माझ्या अंगावरची अगदी खालची खूण सहाची आहे. त्याखालचे लाकूड शेंबीच्या आत असे, म्हणून सुताराने तिथे काही कोरलेच नव्हते. मावशींनी नखाने ती खूण दाबून धरली.

"इथे लिहिलंय सहा. आणि जमिनीपासून भरतात चार."

मग साहेब म्हणाले, "तुमची फीत चुकीची असेल."

त्याच वेळी अक्कांची शाल खांद्यावरून घसरली. मावशी सवयीने म्हणाल्या, "बाई, एक टाचणी द्या हो." नोंदणीच्या बाईंनी वाटी पुढे केली. मावशींनी टाचणी घेतली, शालीला लावली आणि वाटी परत देता देता थांबल्या. तिचे पितळ बघितले. तिची गोलाई बघितली. पालथी करून तिचा घासलेला तळ बघितला. टाचण्या टेबलभर सांडल्या.

"अहो, अहो!" बाई ओरडल्या.

मावशींनी ती वाटी माझ्या पायात घातली.

काय सांगू मित्रांनो! कित्येक महिने अनवाणी चालल्यावर आपलाच जोडा पायात जावा, तसे झाले. खट्ट असा आवाज आला. दारात उभ्या असलेल्या शिपाईमामांनी जीभ चावली.

"मोजा आता," मावशी म्हणाल्या.

एकोणचाळीस. ना जास्त, ना कमी.

साहेबांनी कपाळ पुसले. कागदावर रेघ मारली, सही केली. "झालं. तुमचं काम झालं, मावशी. न्या कुत्री घरी."

गुंडी शेपटी हलवत उठलीही. पण मावशी जागच्या हलल्या नाहीत. "माझं झालं हो. बाकीच्यांचं?"

"बाकीचे कोण?"

"ही काठी फक्त माझ्याच घरी खोटं बोलली का?"

साहेब म्हणाले, ते नंतर बघू. पुन्हा तोच शब्द! पण या वेळी नोंदणीच्या बाईंनीच वही काढली. दहा महिन्यांत, अंगण नसलेल्या घरांतून, एक्केचाळीस किंवा बेचाळीस आकडा पडला म्हणून गेलेली कुत्री त्यांनी एकेक करून वाचली. ती नऊ भरली. प्रत्येक नावाला मी शहारत होते. प्रत्येकाच्या खांद्यावर मी टेकले होते. एक तर मला चाटतही होते.

त्या नवांपैकी सहा परत घरी आली. दोघांना निवाऱ्यातून दुसऱ्यांनी नेले होते. त्या नव्या घरांतली मुले त्यांना सोडेनात आणि जुन्या माणसांनीही मग फार ताणले नाही, ती नुसती लांबून बघून आली. नववे कुत्रे घड्याळजींचे होते. ते निवाऱ्यात अन्नाला तोंड लावेना. बाराव्या दिवशी गेले.

घड्याळजी कार्यालयात आले. उंच, सडपातळ, डोळ्याला भिंग लावून लावून एक भुवई कायमची वर गेलेली. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. माझ्याकडे येऊन त्यांनी शेंबीवर अंगठा फिरवला.

"दोन सेंटीमीटर," ते म्हणाले. "माझ्या हातून घड्याळ दोन मिनिटं मागं राहिलं, तर गिऱ्हाईक ते तोंडावर फेकतं. तुमच्या तोंडावर काय फेकू मी?"

साहेबांनी मान खाली घातली. त्यांना वाईट वाटले, हे मी पाहिले. म्हणून तेही सांगते. त्यानंतर ते प्रत्येक घरी स्वतः गेले आणि दारात उभे राहून चूक झाली म्हणाले. एका घरी त्यांच्या तोंडावर दार आपटले. ते तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

इतके सगळे झाल्यावर माझा राग शांत व्हायला हवा होता, नाही का? होतही होता. पण मग कार्यालयाच्या फळ्यावर एक जाहीर कागद लागला. त्यावर लिहिले होते, 'मोजकाठीतील दोषामुळे काही नोंदींत तफावत आढळली आहे.'

मोजकाठीतील दोष! गटारात मला कुणी घातले? शेंबीत टाचण्या कुणी भरल्या? दहा महिने 'बघू' कोण म्हणाले? नऊ वर्षांची कुत्री वाढली असेल, हे कुणाच्या तोंडून आले? त्या कागदावर एकाही माणसाचा उल्लेख नाही. जीव गेला एका मुक्या जनावराचा आणि दोषी ठरली एक मुकी काठी. ज्यांना तोंड होते, ते सगळे सुटले.

तो कागद पावसाने धुऊन गेला. माझ्या मनातून गेलेला नाही.

आता माझी व्यवस्था चांगली आहे. सुताराच्या मुलीने शेंबी खिळा मारून पक्की केली. मी भिंतीवर टांगलेली असते आणि मोजणीला निघण्यापूर्वी साहेब रोज सकाळी माझ्या अंगाला फीत लावतात. ती फीत मावशींनी दिली आहे. साहेबांना वाटते, हे नवीनच काम मागे लागले. मला वाटते, हे त्यांचे व्रत आहे, त्यांना अजून माहीत नाही इतकेच. नोंदणीच्या बाईंनी टाचण्यांना काचेची वाटी आणली आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात काही ना काही माप येईल. कुणाची उंची मोजाल, कुणाचे वजन कराल, कुणाला गुण द्याल. त्या मापावरून कुणाला घरात ठेवायचे आणि कुणाला बाहेर काढायचे, हे ठरेल. मग माझी एवढीच विनवणी आहे. आकडा वाचण्याआधी खाली वाका. मापाचा पाय शाबूत आहे का, ते बघा. आणि समोरचा जीव गरीब आवाजात म्हणत असेल, की अहो, असे कसे होईल, तर 'काठी सांगते' म्हणू नका. काठी काही सांगत नाही. सांगता तुम्हीच.

या वर्षीच्या मोजणीला मी पुन्हा मावशींच्या घरी गेले. अक्का खिडकीशी बसून सुटे दोरे गुंडाळत होत्या. साहेब गुंडीसमोर उकिडवे बसले, काका बसायचे तसे. त्यांनी आपला हात तिला हुंगू दिला आणि ती शांत उभी राहीपर्यंत थांबले. मग पट्टी अलगद खाली आली.

अडतीस.

साहेबांनी दोनदा बघितले. मावशींनी तिचा मुडपलेला कान सरळ केला, तो पुन्हा मुडपला. म्हाताऱ्या कुत्र्यांची पाठ खाली येते, मित्रांनो. ती वाढत नाहीत. हे त्या खोलीत अक्कांनाही ठाऊक होते.